कार्यमुक्त

कळंबच्या स्टँडवर आई खिडकीखाली उभी होती आणि नाना गाडीभोवती फिरून टायर बघत होते. नाना म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. त्या दिवशी गाडी दुसऱ्याच्या हातात होती, अंगात खाकीऐवजी पांढरा सदरा होता, तरी टायर बघितल्याशिवाय त्यांना वर चढवेना. मला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली होती. पण ती आपल्या जिल्ह्यात नव्हे, समुद्राकाठी, रत्नागिरी जिल्ह्यात. नाना मला पोचवायला निघाले होते. आईनं कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खव्याचा डबा खिडकीतून आत दिला. म्हणाली, "रडत बसू नको सुरेखा. तीन वर्षं कशीबी निघत्यात. मग बदली करून घे अन् ये घरी."

तेव्हा सगळे हेच म्हणत. आपल्याकडची कितीतरी डी.एड. झालेली पोरं-पोरी अशीच कोकणात गेली होती. तिकडचे लोक थट्टेनं म्हणायचे, आमच्या पोरांना अ-आ-ई शिकवायला लातूर, बीड, उस्मानाबादहून माणसं येतात. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबादच होतं. ते बदलून धाराशिव झालं तेव्हाही मी तिकडंच होते.

पुण्यात गाडी बदलली. वरंधा घाटात नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणाला स्वतःचा उजवा पाय खाली दाबत होते. दुपारी खाडीच्या धक्क्यावर उतरलो. गाव पलीकडं होतं. रस्त्यानं जायचं तर सड्यावरून, म्हणजे डोंगरावरच्या त्या काळ्या कातळाच्या माळावरून, मोठा वळसा पडायचा आणि त्या वाटेनं दिवसातून एकच गाडी. नाहीतर होडी. ज्या माणसानं आयुष्यभर चाळीस-पन्नास माणसं पाठीमागं घेऊन घाट उतरवले, तो माणूस होडीच्या फळीला दोन्ही हातांनी धरून बसला. मध्यावर आल्यावर म्हणाले, "लई पाणी हाय की गं." दुसऱ्या दिवशी परत निघताना मात्र त्यांचा आवाज घट्ट होता. "एक ध्यानात ठेव. नोकरी सोडायची न्हाय. बाकी काय बी होऊ दे."

ते वाक्य मी पुढं किती वर्षं पाळणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मागं राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर समुद्राचे फोटो मागायचात. मी पाठवायची. त्या फोटोंत गाव कधी आलं नाही, म्हणून आता सांगते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी. खाडीच्या तोंडाशी मोहल्ला. तिथले दालदी मुसलमान पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे. त्यांच्या बायका टोपली डोक्यावर घेऊन वाडीवाडीतून मासळी विकायच्या. समुद्राकडं नारळी-पोफळीच्या सावलीत भंडारवाडी, प्रत्येक घरापुढं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि मागं विहीर. वर उतारावर कुणब्यांची वाडी, भाताची आणि नाचणीची बारकी बारकी शेतं. आपल्याकडं एका माणसाच्या बांधावरून दुसऱ्याचा बांध दिसत नाही, तिथं दोन चादरी वाळत घातल्या की शेत झाकलं जाईल. सड्यावर धनगरांची चार घरं. शाळा या सगळ्यांच्या मध्ये. चारही ठिकाणची पोरं एका खोलीत बसायची आणि चार तऱ्हांचं मराठी बोलायची. मी पाचवी तऱ्हा घेऊन गेले. पहिल्याच दिवशी मी एका पोरीला विचारलं, "काय करायलीस गं?" तर वर्ग खो-खो हसला. महिनाभर पोरं एकमेकांना "काय करायलीस" विचारत होती.

गावात पुरुष कमीच. भंडारी आणि कुणबी मुंबईला, मोहल्ल्यातले निम्मे आखातात. गणपतीला आणि मे महिन्यात घरं उघडायची, माणसांनी भरायची, आणि मग एकेक करून कुलपं लागायची. उरायच्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि माझ्या शाळेतली पोरं. पाऊस कसा, तर आपल्याकडच्या अख्ख्या वर्षाचा तिथं एका आठवड्यात पडायचा, आणि तरी एप्रिलात विहिरी तळाला जायच्या. टँकर आला तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. मी टँकर मागं टाकून आले होते आणि तो माझ्या मागोमाग आला होता.

भंडारवाडीतल्या सुलोचनाकाकींच्या घरात मी एक खोली भाड्यानं घेतली. काकी साठीच्या, विधवा. त्यांची मुलगीही नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी राहिली होती. काकींची नात माझ्याच वर्गात. पहिल्या पावसाळ्यात होड्या बंद झाल्या, सड्यावरच्या रस्त्यावर दरड आली आणि मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले. काकींनी गरम पेजेचा वाडगा पुढं ठेवला. "जेव गो बाय. हतं आल्यावर सगळ्यांक असाच वाटता. आमी काय लगीन होऊन आलो तवा हसत व्हतो काय?"

तीन वर्षं झाली. त्यातच माझं लग्न झालं. महेश कळंबच्या एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवायचे. अनुदान आज येईल, उद्या येईल, या आशेवर. घरात एकुलते एक, आईवडील थकलेले. त्यांनी कळंब सोडायचा प्रश्न नव्हता आणि घर माझ्या नोकरीवर उभं असल्यामुळं मी नोकरी सोडायचाही प्रश्न नव्हता. बदलीला अर्ज केला. आपल्या जिल्ह्यात जागा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केला. जागा होती, पण आमच्या प्रवर्गाची नाही. पुढच्या वर्षी नियमच बदलले. मी वर्गात नकाशा शिकवताना काठी रत्नागिरीवर ठेवून पोरांना विचारायची, इथून उस्मानाबाद कुठल्या दिशेला? आणि पोरं हात लांब करून पूर्वेला दाखवायची. नकाशावर ते अंतर माझ्या वितीएवढंही नव्हतं.

रेवा झाली. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी तिला घेऊन परत आले, सोबत आई. कळंबची माझी आई आणि सुलोचनाकाकी यांची भाषा एकमेकींना निम्मी कळायची, पण दोघी दिवसभर खळ्यात बसून बोलायच्या. ते माझे तिथले सगळ्यात चांगले दिवस. रेवा दोन वर्षांची झाली. तिचं पहिलं बोलणं निम्मं कळंबचं, निम्मं खाडीचं. ती होडीला 'व्हडी' म्हणायची.

मग त्या पावसाळ्यात तिला ताप भरला. आधी वाटलं साधा असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे फिरवले आणि अंग ताठ केलं. सड्याचा रस्ता बंद होता. तर बंद होती, म्हणजे खाडीतली माणसं नेणारी होडी पावसाळ्यापुरती ओढून वर घेतलेली. पलीकडच्या धक्क्यापासून दवाखाना जवळ, पण मधे ती तांबडी, फुगलेली खाडी. काकी छत्री न घेता मोहल्ल्यात धावत गेल्या आणि बशीरभाईंना घेऊन आल्या. बशीरभाईंची स्वतःची लहान होडी होती, तीही शाकारून ठेवलेली. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, माझ्या मांडीवरच्या पोरीकडं पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता वरची नारळाच्या पानांची झापं ओढून काढली. त्यांच्या बायकोनं त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. मोहल्ल्यातल्या चौघांनी होडी पाण्यात ढकलली. मी रेवाला पोटाशी बांधून बसले. आई काठावर राहिली. लाट आत आली की बशीरभाई एवढंच म्हणत, "बाई, खाली बगा. पोरीकडं बगा. पान्याकडं बगू नका."

रेवा वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं.

महेश आले, नाना आले. दवाखान्यात कुणी मला काही बोललं नाही, पण निघताना सासूबाईंचा फोन आला आणि त्या महेशना म्हणाल्या, "पोरीला घेऊनच ये. तिथं ठिवू नको." मी विरोध केला नाही. काय बोलणार होते? त्या पाण्यात मी स्वतः तिला घेऊन बसले होते. रेवा कळंबला गेली. आईही गेली. मी रजा संपवून खाडीवर परत आले तेव्हा बशीरभाईंच्या बायकोनं तळलेल्या बांगड्यांचं ताट पाठवलं होतं. एका दिवसानं मला त्या गावाशी बांधून टाकलं आणि त्याच दिवसानं माझी पोर माझ्यापासून नेली. नंतर कितीतरी वर्षं मी त्यातलं एक दुसऱ्यापासून वेगळं करायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

फोनला रेंज शाळेमागच्या टेकाडावर यायची. शाळा सुटली की मी तिथं चढायची. महेश रेवाच्या कानाला फोन लावायचे. आधी ती रडायची. मग "मम्मी, ये ना" म्हणायची. मग दिवसभराचं सांगायची. मग एक दिवस म्हणाली, "मम्मी, टीव्हीवर माझं लागलंय, उद्या बोलू?" त्या दिवशी मी टेकाडावर बराच वेळ उभी राहिले. समोर एवढा उघडा समुद्र, आणि मला भिंती जवळ आल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात माळावर उभं राहिलं तर वाटतं, कुठंही चालत निघावं. तिथं मात्र तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला घाट.

आणि मग बदलीचा आदेश आला. खरंच आला. जिल्हा धाराशिव. मी काकींना मिठी मारली. शाळेतली दुसरी शिक्षिका आधीच निवृत्त झाली होती, तिच्या जागी कुणी आलं नव्हतं, मी एकटीच चारही वर्ग घेत होते. हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पेट्या भरल्या, भांडी काकींच्या मुलीला दिली.

तालुक्याच्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "मॅडम, आदेश आहे, पण तुम्हाला कार्यमुक्त करता येणार नाही. तुम्ही गेलात तर शाळा शून्य शिक्षकी होते. बदली शिक्षक आला की लगेच सोडतो."

"आणि तो आला नाही तर?"

साहेबांनी पेन ठेवलं. "गावानंही अर्ज दिलाय. शिक्षक आल्याशिवाय तुम्हाला सोडू नये म्हणून. सगळ्या गावाच्या सह्या आहेत."

मी परतीच्या होडीत बसले. होडी बशीरभाईंचा भाऊ चालवत होता, त्यानं डोळ्याला डोळा दिला नाही. घरी आले तर खळ्यात माणसं बसलेली. काकी, त्यांची मुलगी, बशीरभाई, कुणबीवाडीतल्या तिघी-चौघी. मी उभ्याउभ्याच विचारलं, "काकी, तुम्ही पण सही केलीत?"

"पयली माझीच," काकी म्हणाल्या.

"माझी लेक सहा वर्षं तिकडं आहे. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाव हाय गो. मीच गेल्ते ना मोहल्ल्यात त्या दिवशी." त्यांनी मान खाली घातली नाही. "तू गेलीस की शाळा बंद. मग आमच्या गावच्या पोरांनी पलीकडच्या शाळेत जायाचा. कसा जायाचा, सांग."

बशीरभाई हळूच म्हणाले, "बाई, त्या दिवशी होडीवर मीच होतो ना? एक दिवस नेलं तुमच्या पोरीला. रोज पंधरा पोरांना त्या पान्यातून कोन नेनार?"

मी भांडायला आले होते. आत गेले, दार लावलं. काकींनी दारापाशी जेवण ठेवलं, ते मी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा दिली, कारण पोरं येऊन ओळीत उभी होती.

दोन पावसाळे असेच गेले. काकींशी मी बोलायची, पण कामापुरतं. भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायचं, शाळेत जायचं, टेकाडावर जायचं, परत यायचं. शिकवण्यात मात्र हात राखता आला नाही. पोरांचा त्यात काय दोष? महेशना फोनवर मी म्हणायची, राजीनामा देते. नाना एकदा म्हणाले, "सोड पोरी. म्या चुकीचं बोल्लो व्हतो." ते ऐकून उलट मला धीर आला, का ते सांगता येत नाही. मी राजीनामा दिला नाही.

शेवटी नांदेडकडचा एक तरुण मास्तर आला, आणि त्याच आठवड्यात मी कार्यमुक्त झाले. निघताना सगळं गाव धक्क्यावर होतं. बायका रडत होत्या. काकींनी माझी ओटी भरली. मी वाकून नमस्कार केला, पण काही बोलले नाही. होडी सुटल्यावर वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मीही रडले असते आणि ते मला त्यांना द्यायचं नव्हतं.

तुम्हाला वाटेल, इथं गोष्ट संपली. मलाही तसंच वाटलं होतं. धाराशिवला शाळा निवडायच्या समुपदेशनाला बसले तेव्हा कळंब तालुक्यात जागा उरली नव्हती. मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, उमरगा तालुक्यात, मुरुमजवळच्या एका गावात. पोरं घरी कानडी बोलणारी. पुन्हा भाड्याची खोली, मुरुमला. शनिवारी शाळा सुटली की दोन गाड्या बदलून, तुळजापूर-धाराशिव करत कळंब, आणि सोमवारी पहाटे परत. आपल्याच जिल्ह्यात आले आणि आपल्याच घरी शनिवार-रविवारची झाले.

आणि घरी रेवा. दहा-अकरा वर्षांची, उंच, शहाणी. मी आले की ती पाण्याचा तांब्या आणून द्यायची. माझी बॅग आत ठेवायची. "प्रवास कसा झाला मम्मी?" विचारायची. मी केलेली भाजी आवडली नाही तरी मुकाट्यानं खायची. वेणी घालून घ्यायला, दप्तर शोधायला, भांडायला मात्र ती आजीकडंच जायची. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "बघ, तुला कसलाच त्रास देत न्हाय." मला ते सुईसारखं टोचायचं. त्रास न देणारी पोर म्हणजे पाहुण्यासमोर नीट वागणारी पोर.

गेल्या मे महिन्यात तीच म्हणाली, "मम्मी, तू जिथं होतीस ते गाव मला बघायचंय." महेशना वेळ नव्हता. आम्ही दोघीच निघालो.

मोहल्ल्यातली पोरं मोठी झाली होती. बशीरभाईंचे केस आता पुरते पांढरे झाले होते. त्यांनी रेवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि नुसते हसत राहिले. काकी आता काठी घेऊन चालत होत्या. त्यांनी रेवाला खळ्यात समोर बसवलं, तिचा चेहरा खालीवर निरखला आणि म्हणाल्या, "तुझ्या आयशीक आमी ठेवून घेतला व्हता. दोन वर्सां. तुला ठाव हाय?"

रेवानं माझ्याकडं बघितलं.

"सांगितलंय नाना-आजोबांनी," रेवा म्हणाली.

"राग आला असंल."

"हो," रेवा म्हणाली. "आला होता. अजून येतो." आणि मग ती माझ्याकडं वळली. "तुझा पण येतो. तू भांडून का नाही आलीस? यांच्या पोरांना होडीची भीती होती म्हणून तू राहिलीस, मग मला कोण होतं? माझं गॅदरिंग होतं, मी आजारी होते, तू नव्हतीस. तू फोनवर नुसती 'बरं बाळा' म्हणायचीस."

तिचा आवाज चढला होता. काकींची मुलगी आतून दारात आली. मला वाटलं काकी तिला आवरतील, पण त्या ऐकत होत्या. काकी म्हणाल्या, "बरोबर बोलतंस. तुजा काय बी चुकला नाय." मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "मी परत सही केली असती गो. पन तुझी पोर समोर बसवून केली असती, तर हात चालला असता काय, ठाव नाय."

मी काकींशेजारी खाली बसले. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि माझा हात आपल्या मांडीवर घेतला.

परत आल्यावर मी रेवाला विचारलं, मुरुमला माझ्याकडं राहायला येशील का? तिथंही चांगली शाळा आहे. तिनं विचार केला आणि सरळ सांगितलं, "नाही. माझ्या मैत्रिणी इथं आहेत. आजी इथं आहे." सासरे म्हणाले, आई आहेस तू, सांग आणि घेऊन जा, पोरीचं काय ऐकतेस. मला तसं करता आलं असतं. पण एखाद्याला आपल्या गरजेपायी एका जागी धरून ठेवणं काय असतं, ते मी आतून बाहेरून बघितलं आहे. मी तिला नेलं नाही.

म्हणून अजून मी मुरुमच्या खोलीत एकटीच भाकरी थापते. कानडी पोरांना मराठी शिकवते, आणि ती माझ्या "करायलीस"ला हसत नाहीत, कारण मुरुमला सगळेच तसं बोलतात. पुढच्या बदलीला कळंब मिळेल का, माहीत नाही. जे अजून घाटाखाली अडकून आहेत, त्यांना काय सांगू? आपलं गाव म्हणजे एक जागा असते आणि तिथं पोचलं की सुटलो, असं मी बारा गावांना सांगत फिरायची. आता नाही सांगत.

गेल्या रविवारी मी रेवाची वेणी घालायला बसले. आता ती मला घालू देते. तिला घाई होती, मी पेड सैल सोडला. ती ताडकन उठली, केस सोडले, कंगवा माझ्या पुढ्यात टाकला आणि म्हणाली, "काय हे मम्मी! तुला एक वेणी येत नाही धड. किती वेळा सांगायचं, घट्ट घाल म्हणून."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आईला असं बोलत्यात का गं?"

"बोलू द्या," मी म्हणाले. कंगवा उचलला. रेवा फणकाऱ्यानं पुन्हा माझ्यापुढं पाठ करून बसली, आणि मी वेणी पहिल्यापासून घालायला घेतली.